एका अक्षरातला ड्रॅगन

चिनी लिपीतील ‘ड्रॅगन’ या अक्षराविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. चिनी उच्चार मराठीत जितका जवळ आणता येतो तितका आणून या अक्षराचा उच्चार येथे सर्वत्र ‘लुंग’ असा लिहिला आहे. मूळ भाषेत तो चढत्या सुरात, प्रश्न विचारताना आपला आवाज वर जातो तसा, उच्चारला जातो.

प्रश्न : एका चिनी दिनदर्शिकेवर ड्रॅगनचे अक्षर मी दोन प्रकारे लिहिलेले पाहिले. एक इतके दाट होते की त्यातील रेषा मोजता येईनात आणि दुसरे जेमतेम पाच रेषांचे होते. यांपैकी खरे कोणते? आणि हे अक्षर मुळात ड्रॅगनचे चित्र होते, हे खरे आहे का? (पुणे)

उत्तर : दोन्ही खरी आहेत. दाट दिसणारे 16 रेषांचे रूप पारंपरिक असून तैवान आणि हाँगकाँग येथे आजही तेच लिहितात. 5 रेषांचे रूप चीनमध्ये 1956 साली जाहीर झालेल्या अक्षर-सुलभीकरण योजनेच्या काळापासून अधिकृत झाले. जपानी लोकांनी तिसरीच वाट धरली. त्यांचे आजचे रूप 10 रेषांचे आहे आणि ते त्याचा उच्चार ‘र्‍यू’ किंवा ‘तात्सु’ असा करतात.

आपल्या दुसर्‍या प्रश्नाचे उत्तरही ‘होय’ असेच आहे, पण ते चित्र पाहायचे असेल तर या तिन्ही रूपांच्या फार मागे, इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकात जावे लागते. शांग घराण्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या हनान प्रांतातील आन्यांग शहराजवळ, राजाच्या वतीने कासवाच्या पोटाकडील कवचावर आणि बैलाच्या खांद्याच्या हाडावर देवांना आणि पूर्वजांना प्रश्न विचारले जात. हाड तापवून त्याला पडलेल्या तड्यांवरून उत्तर वाचायचे आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचा, अशी ती रीत होती. चिनी लिपीचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भरघोस लेखन ते हेच. त्यात लुंग अक्षर आहे आणि ते पाहिले की त्याला अक्षर म्हणावे की प्राणी, असा प्रश्न पडतो. वर मुकुटासारखे किंवा शिंगासारखे काहीतरी, त्याखाली वासलेला मोठा जबडा, आणि त्यातून खाली उतरून शेपटीशी वळण घेणारे लांबलचक अंग. हाच मुकुट शांग लिपीतील फीनिक्स पक्ष्याच्या अक्षरावरही दिसतो, म्हणजे तो कोणत्या प्राण्याचा अवयव नसून ‘हा साधा जीव नव्हे’ एवढे सांगणारी खूण असावी, असे मला वाटते.

या हाडांच्या शोधाची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. आन्यांगजवळच्या श्याओतुन गावातील शेतकर्‍यांना नांगरताना ही हाडे सापडत आणि ते ती औषधी दुकानदारांना ‘लुंगगू’ म्हणून, म्हणजे ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून विकत. प्राचीन प्राण्यांची अश्मीभूत हाडे कुटून औषधात घालण्याची चिनी वैद्यकात जुनी चाल आहे. 1899 साली पेकिंगमधील शाही विद्यापीठाचे प्रमुख वांग यीरुंग यांनी या हाडांवरील खुणा म्हणजे प्राचीन लिपी आहे, हे ओळखले. (आजारी असताना स्वतःच्या काढ्याच्या पुडीतच त्यांना ती अक्षरे दिसली, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, पण तिला समकालीन आधार नाही.) पुढे 1928 पासून तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. ज्या हाडांना लोक शतकानुशतके ड्रॅगनची हाडे म्हणत आले, त्यांवरच ड्रॅगनचे सर्वांत जुने अक्षर कोरलेले निघावे, या योगाचे मला आजही नवल वाटते.

आता चित्राचे अक्षर कसे झाले ते पाहू. लिहिणार्‍यांच्या हाताने शतकानुशतके वळणे सरळ होत गेली, मुकुट आणि जबडा डावीकडे सरकले आणि अंग उजवीकडे वेगळे पडले. पारंपरिक रूपात डावीकडे वर जो भाग दिसतो तो ‘उभे राहणे’ या अक्षरासारखा आणि खालचा ‘मांस’ या अक्षरासारखा दिसतो. या दिसण्याने पहिल्या मोठ्या चिनी कोशकारालाही चकवले. इ. स. 100 च्या सुमारास श्यू शन याने ‘श्वोवन च्येझ’ हा कोश पूर्ण केला. त्यात 9,353 अक्षरे 540 गटांत लावलेली आहेत. लुंगची त्याची व्याख्या अतिशय सुंदर आहे. लुंग हा खवले असलेल्या जीवांचा अधिपती; तो अंधारात जाऊ शकतो आणि प्रकाशातही, सूक्ष्म होऊ शकतो आणि प्रचंडही, आखूड होऊ शकतो आणि लांबही; वसंतसंपाताला तो आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल पाण्यात बुडी घेतो. पण त्यापुढे अक्षराची फोड करताना तो सांगतो की यात ‘मांस’ आहे, उडण्याचा आकार आहे आणि वरचा भाग दुसर्‍या एका अक्षराचा उच्चारापुरता घेतलेला तुकडा आहे. शांग काळातील हाडे त्याच्या वेळी जमिनीखाली होती. त्यांना गाडले जाऊन हजाराहून अधिक वर्षे लोटली होती. त्यामुळे ज्याला त्याने मांस म्हटले तो जबडा होता आणि ज्याला उच्चाराचा तुकडा म्हटले तो मुकुट होता, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. अर्थ सांगताना तो बरोबर होता आणि आकार सांगताना चुकला. तरीही आजच्या अनेक पुस्तकांतून हीच फोड निःशंकपणे दिलेली आढळते, म्हणून एवढा विस्तार केला.

प्रश्न : मग ज्या प्राण्याचे हे चित्र आहे तो प्राणी कोणता? मगर, साप, की वीज? (कोल्हापूर)

उत्तर : या तिन्ही मतांना मानणारे विद्वान आहेत. यांगत्से नदीच्या खोर्‍यात आढळणार्‍या चिनी मगरीला पूर्वापार ‘मातीचा ड्रॅगन’ अशा अर्थाचे नाव आहे आणि पावसाच्या आधी तिचे गुरगुरणे ऐकू येते. त्यामुळे मगरीचा पक्ष दुबळा नाही. सापाचा पक्ष अक्षराच्या वळणदार अंगावर उभा आहे. विजेचा पक्ष पावसाशी असलेल्या नात्यावर. एका प्राण्याला निवडून बाकीचे मोडीत काढावेत असा पुरावा कोणाजवळच नाही, आणि माझ्या मते तशी निवड करण्याचे कारणही नाही.

त्याऐवजी हाडांवरच्या लेखांत हे अक्षर कशासाठी वापरले आहे, ते पाहणे अधिक फलदायी ठरते. काही लेखांत लुंग हे एका शेजारच्या टोळीचे किंवा प्रदेशाचे नाव आहे आणि राजा त्यांच्यावर स्वारी करावी का, असे विचारतो. काही लेखांत शेतात लुंगची प्रतिमा केली तर पाऊस पडेल का, अशी पृच्छा आहे. मातीचा ड्रॅगन करून पाऊस मागण्याचा हा विधी पुढे हान राजघराण्याच्या काळातील ग्रंथांतही तपशीलवार सांगितलेला आहे. दुष्काळात बेडकाची मिरवणूक काढून धोंडी मागणार्‍या आपल्या गावांना हा विधी परका वाटणार नाही. म्हणजे हे अक्षर आपल्याला प्रथम भेटते तेव्हाच त्याच्याशी पाणी जोडलेले आहे. आग मात्र कोठेच नाही.

ईशान्य चीनमधील नवाश्मयुगीन हुंगशान संस्कृतीतील इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा जेडचा ड्रॅगन (1971 साली इनर मंगोलियात सापडलेला, 26 सेंटिमीटर उंचीचा) किंवा हनानमधील पूयांग येथे 1987 साली एका थडग्यात सापडलेली, शिंपल्यांनी रचलेली सुमारे पावणेदोन मीटर लांबीची आकृती यांना वृत्तपत्रे ‘पहिला ड्रॅगन’ म्हणतात. त्या पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि पाहण्यासारख्या आहेतच. पण त्या घडवणार्‍यांनी लिहिलेले काहीही आपल्याजवळ नाही. ते या आकृतीला लुंग म्हणत होते असे म्हणणे म्हणजे आपला शब्द त्यांच्या तोंडी घालणे होय.

प्रश्न : आकाशातील ड्रॅगन नावाच्या तारकासमूहाशी या अक्षराचा संबंध आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : पाश्चात्त्य नकाशातील उत्तर ध्रुवाजवळचा ‘ड्रॅको’ आपल्या मनात असेल तर नाही. मात्र चिनी लोकांचा स्वतःचा एक आकाशातील ड्रॅगन आहे आणि तो आपल्या नक्षत्रांतूनच जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. चिनी ज्योतिषात चंद्राचे 28 मुक्काम आहेत; त्यांतील पूर्वेकडचे सात मिळून ‘निळा-हिरवा ड्रॅगन’ होतो. पहिल्या मुक्कामाचे नावच ‘शिंग’ आणि त्याचा मुख्य तारा म्हणजे आपली चित्रा. पुढे मान येते. मग विशाखेपाशी छातीकडचा भाग, अनुराधेपाशी पुढचे अंग आणि ज्येष्ठेच्या लालसर तार्‍याशी ‘हृदय’. मूळ नक्षत्र ही शेपटी आणि पूर्वाषाढेपाशी हा ड्रॅगन संपतो. आपली स्वाती या सातांत नाही. तरी चिनी लोक तिला ‘थोरले शिंग’ म्हणतात, म्हणजे तीही ड्रॅगनच्याच मस्तकावर आहे.

आता श्यू शनची व्याख्या पुन्हा वाचावी. वसंतसंपाताला आकाशात चढतो, शरदसंपाताला खोल पाण्यात बुडी घेतो, असे तो म्हणतो. त्याच्या काळी चित्रा शरदसंपात बिंदूच्या अगदी जवळ होती. त्यामुळे वसंतसंपाताच्या दिवशी सूर्य मावळताच पूर्वेकडे ड्रॅगनचे शिंग वर येई आणि शरदसंपाताला ते सूर्याच्या तेजात बुडून दिसेनासे होई. कोशातील जे वाक्य काव्य म्हणून सोडून दिले जाते, ते आकाशाचे तंतोतंत निरीक्षण आहे. चिनी पंचांगाच्या दुसर्‍या महिन्यातील दुसर्‍या तिथीला आजही ‘ड्रॅगन डोके वर काढतो’ असे म्हणतात, त्याचेही मूळ येथेच आहे. आपल्या चैत्राचे नाव याच चित्रेवरून आले आहे, कारण चैत्री पौर्णिमेचा चंद्र तिच्या आसपास असतो. संपात बिंदू शतकानुशतके हळूहळू सरकत असल्यामुळे (याला संपातचलन म्हणतात) चित्रेचा सायंकाळचा उदय आता एप्रिलच्या मध्यावर सरकला आहे.

‘यीचिंग’ या प्राचीन ग्रंथातील पहिल्या चिन्हाच्या ओळींत ‘दडलेला ड्रॅगन’, ‘शेतात दिसलेला ड्रॅगन’, ‘आकाशात उडणारा ड्रॅगन’ असे टप्पे येतात. विसाव्या शतकातील कवी आणि संशोधक वन यीदुओ यांनी त्यांचा अर्थ याच तारकासमूहाच्या वर्षभरातील स्थितींशी जोडला. मला ते पटते. काही अभ्यासक त्याही पुढे जाऊन शांग काळातील अक्षराचे वळण म्हणजे या तार्‍यांना जोडणारी रेषाच होय, असे मांडतात. तेथे मात्र मी थांबतो, कारण कोणतीही वळणदार रेषा वृश्चिकावर बसवता येते. आपण स्वतः पाहावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाचे ढग येण्याआधी रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास चित्रेपासून मुळापर्यंतचा सारा ड्रॅगन कोकणातूनही दिसतो.

प्रश्न : बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांच्या नावाचे चिनी भाषांतर ‘ड्रॅगन-वृक्ष’ असे आहे, असे एका व्याख्यानात ऐकले. नागाचा ड्रॅगन कसा झाला? (नागपूर)

उत्तर : आपण ऐकलेले बरोबर आहे, आणि या सदरासाठी आलेल्या प्रश्नांपैकी आपल्याला सर्वांत जवळचा प्रश्न हाच आहे.

बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत जाऊ लागले तेव्हा भाषांतरकारांपुढे ‘नाग’ हा शब्द आला. चिनी भाषेत सापासाठी वेगळा शब्द होता, पण तो घेतला असता तर फक्त सरपटणारा जीव उरला असता. पाताळात राहणारा, जलाशयांचा स्वामी, रूप बदलणारा आणि पाऊस देणारा नाग त्यात मावला नसता. पाणी, पाऊस, रूपांतर आणि सामर्थ्य हे चारही गुण ज्यात आधीच होते असे एकच चिनी अक्षर होते. ते लुंग. ही निवड चुकीची होती असे मला वाटत नाही, पण तिचे परिणाम दूरवर झाले. नागराज ‘लुंगवांग’ झाला आणि चीनच्या समुद्रांत, नद्यांत, विहिरींत भारतीय नागराजांसारखे महाल बांधून राहणारे ड्रॅगनराजे दिसू लागले. आधीच्या चिनी परंपरेत ड्रॅगन आकाशात चढत होता आणि देवांना वाहूनही नेत होता. दरबार थाटून समुद्रतळी राज्य करण्याचे काम त्याला प्रामुख्याने आपल्या नागांकडून मिळाले. अक्षर तेच राहिले आणि त्याच्या आत एक दुसरा प्राणी येऊन वस्तीला राहिला.

आता नागार्जुन. कुमारजीव हा थोर भाषांतरकार इ. स. 401 मध्ये तेव्हाच्या चिनी राजधानीत, छांगआन येथे, पोहोचला. परंपरेने त्याच्या नावावर असलेल्या नागार्जुन-चरित्रात नावाचा उलगडा असा केला आहे : आईने त्यांना अर्जुन वृक्षाखाली जन्म दिला म्हणून ‘अर्जुन’, आणि महानागाने त्यांना समुद्रातील आपल्या महालात नेऊन महायानाची गहन सूत्रे दाखवल्यावर त्यांना ज्ञान झाले म्हणून ‘नाग’. म्हणून चिनी नाव ‘लुंगशू’, ड्रॅगन-वृक्ष. ओढ्याकाठी ज्याला आपण अर्जुनसादडा म्हणतो तोच हा वृक्ष. पण सातव्या शतकात भारतात राहून गेलेल्या ह्युएनत्संगाला हे भाषांतर मान्य नव्हते. त्याने ‘लुंगमंग’, म्हणजे ‘पराक्रमी ड्रॅगन’, असे नाव वापरले. एकाला अर्जुन म्हणताच झाड दिसले आणि दुसर्‍याला योद्धा दिसला. संस्कृत शब्दात दोन्ही अर्थ सुखाने नांदत होते. चिनी अक्षरांत त्यांतील एकच निवडावा लागला. ह्युएनत्संगाने नागार्जुनांचे वास्तव्य दक्षिण कोसलात सांगितले आहे आणि त्यांना सातवाहन राजाचा आश्रय होता असे लिहिले आहे, म्हणजे या नावाची कथा आपल्या दाराशी येऊन पोहोचते.

नाग या शब्दाचा संस्कृतात ‘हत्ती’ असाही अर्थ आहे, याने आणखी एक गंमत घडवली. श्रेष्ठ भिक्षूला ‘महानाग’ म्हणण्याची पद्धत होती. तिचे चिनी रूप ‘लुंगश्यांग’, शब्दशः ‘ड्रॅगन-हत्ती’, असे झाले आणि आजही विद्वान भिक्षूचा गौरव त्या शब्दाने करतात.

अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी बसलेली आहेत. मानवी देह, शांत मुद्रा आणि मस्तकामागे पसरलेल्या फणा असे त्यांचे शिल्प आहे. त्याच नागराजाविषयीचे सूत्र चिनी भाषेत वाचणार्‍या भाविकाच्या डोळ्यांपुढे मात्र शिंगे, मिशा, चार पाय आणि नखे उभी राहतात.

प्रश्न : ‘बहिरा’ या चिनी अक्षरात खाली कान आणि वर ड्रॅगन आहे. ड्रॅगनला ऐकू येत नाही, असे चिनी लोक मानत होते का? (ठाणे)

उत्तर : तशी गोष्ट सांगतात, पण ती अक्षर पाहून नंतर रचलेली आहे. चिनी अक्षरांपैकी बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थ सुचवतो आणि दुसरा उच्चार. ‘बहिरा’ या अक्षरात कान अर्थासाठी आहे आणि ड्रॅगन केवळ ‘लुंग’ हा उच्चार दाखवण्यासाठी. बांबूच्या खुणेखाली तोच ड्रॅगन ठेवला की ‘पिंजरा’ होतो, तोंडाच्या खुणेशेजारी ठेवला की ‘घसा’, मातीवर ठेवला की शेतातील ‘वरंबा’. या शब्दांत ड्रॅगन शोधणे म्हणजे ‘नागर’ या शब्दात नाग शोधण्यासारखे आहे.

पूर्ण शब्दांत मात्र तो खरोखर राहतो. चिनी भाषेत नळाच्या तोटीला ‘पाण्याच्या ड्रॅगनचे डोके’ म्हणतात, चक्री वादळाच्या सोंडेला ‘ड्रॅगनने गुंडाळलेला वारा’ आणि डायनासोरला ‘भयंकर ड्रॅगन’. आपल्याकडे हल्ली पिशव्यांतून मिळणारा उलुंग चहा म्हणजे ‘काळा ड्रॅगन’. तीन ड्रॅगन एकत्र लिहून होणारे 48 रेषांचे एक जुने अक्षर ड्रॅगनच्या उड्डाणाचे वर्णन करते. 2024 च्या नववर्षाला चिनी दूरदर्शनने आपल्या मुख्य कार्यक्रमाच्या ब्रीदात ते वापरले आणि त्याचा उच्चार काय, हे चिनी लोकांनाही कोशात पाहावे लागले. चार ड्रॅगन एकत्र लिहिले की 64 रेषांचे अक्षर होते आणि त्याचा अर्थ ‘फार बोलणे’.

ओघात एका वेगळ्या पत्राचेही उत्तर देतो : ‘ड्रॅगनचे वर्ष’ पंचांगात लुंग या अक्षराने लिहीत नाहीत. बारा वर्षांच्या चक्रातील पाचव्या स्थानाला ‘छन’ हे स्वतंत्र अक्षर आहे; प्राण्यांची नावे त्या स्थानांना नंतर जोडली गेली.

प्रश्न : मराठीत लिहिताना या प्राण्याला ड्रॅगन म्हणावे, नाग म्हणावे की अजगर? (मडगाव)

उत्तर : ‘अजगर’ म्हणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मराठी बायबलमध्ये प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सात डोक्यांचा जो अग्निवर्ण प्राणी येतो, त्याला ‘अजगर’ म्हटले आहे. तेथे त्या अनुवादकांनी मराठी वाचकाला समजेल असा शब्द शोधला आणि तो त्या जागी शोभतो. पण तो प्राणी सैतान आहे. चिनी बायबलच्या 1919 सालच्या प्रसिद्ध भाषांतरात त्याच ठिकाणी लुंग हे अक्षर आले, आणि चिनी ख्रिस्ती वाचकांपुढे मोठा पेच उभा राहिला : घरात नवजात मुलाच्या नावात जे अक्षर आशीर्वाद म्हणून घालायचे, तेच धर्मग्रंथात सैतानाचे नाव म्हणून वाचायचे. गेल्या काही वर्षांत चिनी माध्यमे इंग्रजी लिहितानाही ‘ड्रॅगन’ टाळून आपल्या उच्चाराजवळचा ‘लूंग’ हा शब्द वापरू लागली आहेत, त्यामागे हीच अडचण आहे.

‘नाग’ हा शब्द बौद्ध ग्रंथांपुरता योग्य आहे. चिनी सूत्रात लुंगवांग आला तर मराठीत ‘नागराज’ असेच लिहावे, कारण तेथे आपण आपलाच शब्द परत घेत असतो. इतर सर्व ठिकाणी, सम्राटाच्या झग्यावर, नववर्षाच्या मिरवणुकीत किंवा हाडांवरच्या लेखात, पहिल्यांदा ‘लुंग’ लिहून पुढे ‘चिनी ड्रॅगन’ म्हणावे. मराठी वाचकाला ड्रॅगन हा शब्द आता परका राहिलेला नाही. तो आग ओकत नाही आणि पाऊस आणतो, एवढे वाक्य मात्र लेखकाने सोबत जोडावे.